अखेरच्या दिवसांतील सोबत : कर्करोगाच्या रुग्णाची घरातील सेवा



नोव्हेंबर महिना आपण मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवतो. दोन तारखेला दफनभूमीत जातो, कबरी झाडूनपुसून घेतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो, मिस्सा अर्पण करतो. जे गेले त्यांच्यासाठी आपण पुष्कळ करतो. पण जे अजून गेलेले नाहीत, जे घराच्या आतल्या खोलीत खाटेवर पडून आहेत आणि ज्यांच्याविषयी ‘आता घरी घेऊन जा’ असे डॉक्टरांनी सांगितले आहे, त्यांच्यासाठी काय करावे हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. रोजरी म्हणताना प्रत्येक नमो मरियेत आपण आपल्या मरणाच्या घटकेसाठी मरियामातेची विनंती मागतो. परंतु तीच घटका घरात येऊन उभी राहिली की आपण गोंधळून जातो.

रुग्णांच्या घरी भेटीला जाताना तेच तेच प्रश्न आमच्या कानांवर येतात. ‘बाबा काही खातच नाहीत, सलाईन लावू का?’ ‘मॉर्फीन दिले तर लवकर जातील का?’ ‘आईला खरे सांगावे का?’ ‘फादरांना आताच बोलावले तर ती घाबरणार नाही ना?’ या प्रश्नांची उत्तरे अगोदर माहीत असली तर घरातील भीती बरीच कमी होते, आणि भीती कमी झाली की प्रेमाला वाट मिळते. म्हणून या आठवड्याचा अभ्यासलेख आम्ही या विषयावर देत आहोत. औषधांचे प्रमाण मात्र रुग्णाच्या डॉक्टरांनीच ठरवायचे आहे, हे कृपया ध्यानात ठेवावे.

१. ‘आता काही उरले नाही’ याचा अर्थ

‘आता करण्यासारखे काही उरले नाही’ असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा आजार बरा करण्यासारखे काही उरलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. वेदना थांबवणे, श्वास सुखाचा करणे, जखम स्वच्छ ठेवणे, मन शांत करणे, नाती जुळवणे हे सर्व उरलेलेच असते. या सेवेला पॅलिएटिव्ह केअर किंवा उपशामक सेवा म्हणतात.

इंग्लंडमधील सिसिली सॉन्डर्स या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातील समाजसेविका झाल्या आणि पुढे डॉक्टर झाल्या. त्यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. मरणाऱ्या माणसाची वेदना केवळ शरीराची नसते; मनाची, नात्यांची, पैशाच्या काळजीची आणि आत्म्याची वेदना तिच्यात मिसळलेली असते, हे त्यांनी डॉक्टरांना शिकवले. भारतातील पहिले हॉस्पिस आपल्यापासून फार दूर नाही. वांद्रे येथे माउंट मेरी परिसरात १९८६ साली शांती आवेदना सदन सुरू झाले. कर्करोगतज्ज्ञ डॉ. एल. जे. डिसोझा यांनी ते स्थापन केले. जात, धर्म न पाहता तेथे शेवटच्या अवस्थेतील कर्करुग्णांची विनामूल्य सेवा होते. पुढे गोव्यात व दिल्लीतही त्याच्या शाखा निघाल्या.

दयाळू शोमरोनी माणसाचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून नेले आणि रात्रभर सांभाळ केला. तो जखमी पुढे पूर्ण बरा झाला की नाही, हे दाखल्यात सांगितलेले नाही. सेवेचे मोल बरे होण्यावर अवलंबून नसते. २०२० साली व्हॅटिकनने गंभीर आजारी व मरणोन्मुख माणसांच्या सेवेविषयी जे पत्र काढले, त्याला याच शोमरोन्याच्या नावावरून ‘समॅरिटानुस बोनुस’ असे नाव दिले आहे.

२. वेदना सहन करायला लावू नये

कर्करोगाची वेदना बहुतेक रुग्णांच्या बाबतीत योग्य औषधांनी आटोक्यात आणता येते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली यासाठी सोपी पद्धत घालून दिली. शक्यतो तोंडाने औषध द्यावे, घड्याळाप्रमाणे द्यावे आणि पायरीपायरीने वाढवावे. सौम्य वेदनेला पॅरासिटामॉलसारखी गोळी, ती पुरेनाशी झाली की अधिक जोरदार औषध आणि तीव्र वेदनेला मॉर्फीन, असा हा क्रम आहे.

यातील ‘घड्याळाप्रमाणे’ हा शब्द महत्त्वाचा. मॉर्फीनच्या साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो. आपल्या घरांतून मात्र ‘अगदीच सहन होईना तर देऊ’ असे म्हणून गोळी राखून ठेवली जाते. मग वेदना डोके वर काढते, रुग्ण तळमळतो आणि तिला पुन्हा खाली आणायला जास्त औषध लागते. वेदना परत येण्याच्या आधीच पुढची गोळी द्यायची असते.

मॉर्फीनविषयी तीन भीती आम्हांला नेहमी ऐकू येतात.

पहिली, ‘सवय लागेल.’ डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फीनने अशा रुग्णाला व्यसन लागण्याचा धोका फार थोडा असतो. मात्र ते एकदम बंद करू नये.

दुसरी, ‘माणूस लवकर जातो.’ योग्य प्रमाणात दिलेले मॉर्फीन आयुष्य कमी करत नाही. सुरुवातीचे दोन-तीन दिवस गुंगी येते, मळमळते. पुढे ते कमी होते. बद्धकोष्ठता मात्र राहते, म्हणून मॉर्फीनबरोबर पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून हवेच. ते न दिल्यामुळे कित्येक रुग्ण वेदनेपेक्षा पोटाच्या त्रासाने हैराण होतात.

तिसरी भीती आपल्या श्रद्धेतून येते. ‘ख्रिस्ताने क्रूसावर सोसले, मग आपणही सोसायला नको का?’ शुभवर्तमानकार मार्क सांगतो की, क्रूसावर खिळण्यापूर्वी येशूला गंधरस मिसळलेला द्राक्षारस देऊ केला होता आणि त्याने तो घेतला नाही. कोणी रुग्ण स्वखुशीने, प्रार्थनापूर्वक, आपली थोडी वेदना ख्रिस्ताच्या दुःखसहनाशी जोडू इच्छीत असेल तर त्या इच्छेचा आपण मान राखू. पण हा त्याचा स्वतःचा निर्णय असतो. मुलाने आईच्या वतीने किंवा सुनेने सासऱ्याच्या वतीने तो घ्यायचा नसतो. पोप पायस बारावे यांनी २४ फेब्रुवारी १९५७ रोजी डॉक्टरांसमोर बोलताना याविषयी स्पष्ट शिकवण दिली. वेदना कमी करण्याचा दुसरा मार्ग नसेल तर, शुद्ध हरपण्याचा किंवा आयुष्य थोडे कमी होण्याचा संभव असला तरीही, वेदनाशामक देता येते. मात्र मरण घडवून आणणे हा हेतू नसावा. कॅथलिक धर्मशिक्षणातही हीच शिकवण आहे. तेव्हा मॉर्फीन देण्यात पाप नाही.

मॉर्फीन प्रत्येक औषधांच्या दुकानात मिळत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे ते मिळणे फार अवघड झाले होते. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन नियम सोपे झाले, तरी ते मान्यताप्राप्त रुग्णालयांतूनच मिळते. परळच्या टाटा रुग्णालयात पॅलिएटिव्ह विभाग आहे. रुग्णाला घरी आणतानाच ‘वेदनेचे औषध कोठून मिळेल, आणि गिळता येईनासे झाले तर कसे द्यायचे?’ हे दोन प्रश्न डॉक्टरांना विचारून घ्यावेत. गोळ्या कुलपात ठेवाव्यात आणि उरलेल्या रुग्णालयाला परत कराव्यात.

३. जेवणाचा प्रश्न

आपल्याकडे प्रेम ताटातून वाढले जाते. त्यामुळे रुग्णाने ताट दूर सारले की आपल्याला वाटते, त्याने आपले प्रेमच दूर सारले. मग ‘माझ्यासाठी एक घास’, ‘खाल्ले नाही तर ताकद कशी येणार?’ असे सुरू होते. नातेवाईक येतात आणि सुनेला म्हणतात, ‘तुम्ही नीट खायला घालत नाही का गं?’ ती बिचारी रडकुंडीला येते.

येथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. माणूस जेवत नाही म्हणून मरत आहे, असे नसते; मरण जवळ येत आहे म्हणून त्याची भूक गेली आहे, असे असते. वाढलेला कर्करोग शरीराची सगळी घडीच बदलून टाकतो. स्नायू झिजतात, आणि जास्त खाल्ल्याने ते परत भरून येत नाहीत. शेवटच्या दिवसांत शरीराला अन्न पचवता येत नाही. जबरदस्तीने भरवले तर उलटी होते, पोट फुगते, घास श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

मग काय करावे? रुग्ण मागेल तेव्हा, मागेल ते, मागेल तेवढेच द्यावे. दोन चमचे पेज, थोडे ताक, शहाळ्याचे पाणी, आइसक्रीमचा एक घास, काहीही चालेल. भरवताना डोके उंच असावे. त्याने नको म्हटले तर रागावू नये. ताट परत नेताना ‘बरं, नंतर बघू’ एवढेच म्हणावे आणि पुन्हा येऊन जवळ बसावे.

सलाईनचेही असेच आहे. काही रुग्णांना, विशेषतः उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झाले असेल तर, त्याचा उपयोग होतो. ते डॉक्टर ठरवतील. पण अगदी अखेरच्या दिवसांत शिरेतून दिलेले पाणी शरीर बाहेर टाकू शकत नाही. ते हातापायांत, फुफ्फुसांत साठते, सूज येते, दम वाढतो. याविषयी ख्रिस्तसभेची शिकवण अशी की, अन्न व पाणी ही साधी, नेहमीची सेवा आहे आणि ती नाकारता येत नाही. परंतु शरीरच ते ग्रहण करू शकत नसेल तर ते चढवत राहण्याचे बंधन नाही. अशा वेळी सलाईन न लावणे म्हणजे उपाशी मारणे नव्हे.

तहान मात्र ओठांवर व जिभेवर जाणवते, आणि ती भागवणे आपल्या हातात आहे. स्वच्छ कापूस किंवा मऊ कापड पाण्यात भिजवून दर तास-दोन तासांनी तोंड ओले करावे. शुद्धीवर असेल तर बर्फाचा लहान तुकडा चघळायला द्यावा. ओठांना खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावावे. जिभेवर पांढरा थर दिसला तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. डॉक्टर औषध देतात. क्रूसावर येशूला तहान लागली तेव्हा कोणीतरी स्पंज भिजवून त्याच्या ओठांपर्यंत नेला. आजारी माणसाचे ओठ ओले करणे ही तशीच सेवा आहे, आणि ती घरातील लहान मुलालाही करता येते.

४. दम, पाठ आणि जखम

दम लागणे रुग्णाला आणि पाहणाऱ्याला दोघांनाही घाबरवते. उशा लावून डोके-छाती उंच करावी, खिडकी उघडावी, गर्दी कमी करावी आणि छोटा पंखा चेहऱ्यावर वारा येईल असा ठेवावा. चेहऱ्यावर वाहता वारा लागला की दम लागल्याची जाणीव खरोखरच कमी होते. डॉक्टर दमासाठीही थोडे मॉर्फीन देतात. रक्तातील प्राणवायू कमी नसेल तर नुसत्या सिलिंडरचा फारसा उपयोग होत नाही.

एकाच कुशीवर पडून पाठीला, माकडहाडाला, टाचांना जखमा होतात. साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी. चादर कोरडी व सुरकुतीविना ठेवावी. लाल झालेली जागा चोळू नये. हवेची गादी भाड्याने मिळू शकते.

तोंडाचा किंवा स्तनाचा कर्करोग त्वचा फोडून बाहेर आला तर जखमेला दुर्गंधी येते. याबद्दल कोणी उघड बोलत नाही, पण या वासामुळेच घरची माणसे नकळत दूर होतात आणि रुग्णाला ते कळते. वासावर उपाय आहे. जखम रोज मिठाच्या उकळून गार केलेल्या पाण्याने धुवून, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे मेट्रोनिडाझोलची पूड जखमेवर लावली की काही दिवसांत वास बराच कमी होतो. मानेच्या किंवा तोंडाच्या जखमेतून अचानक रक्त येण्याचा धोका असेल तर गडद रंगाचे दोन टॉवेल हाताशी ठेवावेत. गडद कापडावर रक्त फारसे दिसत नाही आणि रुग्ण कमी घाबरतो.

५. मरण जवळ आल्याची चिन्हे

ही चिन्हे सर्वांत दिसतीलच असे नाही आणि याच क्रमाने दिसतील असेही नाही. पण ती माहीत असावीत.

झोप वाढते. आधी दिवसाचे काही तास, मग जवळजवळ पूर्ण वेळ. गिळणे थांबते. लघवी कमी व गडद होते. हात-पाय गार पडतात, त्यांवर निळसर-जांभळे चट्टे दिसतात.

काही रुग्ण गोंधळतात, चादर ओढतात, उठून जायचे म्हणतात, कधी आपल्या मृत आईशी किंवा भावाशी बोलतात. त्यांच्याशी वाद घालू नये, ‘असे काही नाही’ म्हणून दटावू नये. मंद दिवा लावावा, ओळखीचा आवाज जवळ असू द्यावा. मात्र फार तळमळ असेल तर लघवी तुंबली आहे का, पोट साफ झाले आहे का, कुठे दुखते आहे का, हे आधी पाहावे. या तिन्हींवर उपाय करता येतो. तसेच, काल बरा असलेला रुग्ण आज अचानक गुंगीत गेला तर ‘आता संपले’ असे स्वतःच ठरवू नये. जंतुसंसर्ग किंवा औषधाचे प्रमाण हेही कारण असू शकते. डॉक्टरांना विचारावे.

अखेरच्या तासांत श्वासाची लय बदलते. काही श्वास खोल, काही उथळ, मध्येच अर्धा-एक मिनिट काहीच नाही, आणि पुन्हा श्वास सुरू होतो. घशात घरघर होते. गिळता न येणारी लाळ घशात साठल्याने हा आवाज येतो. ऐकणाऱ्याला तो फार भयंकर वाटतो, पण बेशुद्ध रुग्णाला त्याचा त्रास बहुधा होत नाही. त्याला कुशीवर वळवावे, डोके थोडे उंच करावे. नळी घालून सारखे खेचत बसू नये. आवश्यक तर डॉक्टर लाळ कमी करणारे इंजेक्शन देतात.

डोळे मिटलेले असले तरी कान उघडे असू शकतात. २०२० साली कॅनडातील संशोधकांनी हॉस्पिसमधील मरणोन्मुख रुग्णांच्या मेंदूच्या नोंदी घेतल्या, तेव्हा प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांचा मेंदूही आवाजाला प्रतिसाद देत असल्याचे दिसले. म्हणून खाटेजवळ जमिनीच्या वाटण्या, अंत्यविधीचा खर्च, जुने मानापमान यांची चर्चा करू नये. नाव घेऊन हाक मारावी, हात हातात धरावा, कोण आले आहे ते सांगावे, हळू आवाजात प्रार्थना म्हणावी.

६. रुग्णालयात न्यावे का?

घरघर सुरू झाली की घाबरून रिक्षा बोलावली जाते, रुग्णाला अतिदक्षता विभागात नेले जाते, आणि शेवटचा श्वास नळ्या-यंत्रांमध्ये, कुटुंबाला बाहेर बसवून घेतला जातो. म्हणून हा निर्णय आधी, शांतपणे, रुग्णाला विचारून घ्यावा. घरी वेदना आवरत नसेल, मोठा रक्तस्राव होत असेल, झटके येत असतील किंवा सांभाळायला माणूसच नसेल तर रुग्णालयात किंवा हॉस्पिसमध्ये नेणे योग्यच आहे. त्यात कमीपणा नाही.

उपचारांविषयी ख्रिस्तसभा दोन टोके टाळायला सांगते. जीव घेणे, मग ते दयेपोटी का असेना, निषिद्ध आहे. पण ज्या उपचारांचा बोजा मोठा व उपयोग नगण्य, ते नाकारण्याची मुभा आहे. असे उपचार थांबवताना आपण मरण घडवत नाही. ते आपल्याला रोखता येत नाही, एवढे स्वीकारतो. देशाचा कायदाही उपचार थांबवणे आणि जीव घेणे यांत फरक करतो. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि उपचारांविषयी आगाऊ इच्छापत्र करण्याची सोय दिली. २०२३ साली न्यायालयाने तिची पद्धत सोपी केली; दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येते. इंजेक्शन देऊन जीव घेणे मात्र आजही गुन्हाच आहे.

७. खरे बोलणे

‘त्यांना काही सांगू नका हं,’ असे दारातच आमच्या कानात सांगितले जाते. आत गेल्यावर रुग्ण हळूच म्हणतो, ‘मला सगळे कळले आहे, पण मुलांना सांगू नका, ती खचतील.’ एकाच घरात सर्वांना ठाऊक असते आणि सर्व जण एकटे असतात.

सत्य कोणाच्या अंगावर फेकायचे नसते. ‘तुम्हांला काय वाटते आहे?’ ‘कशाची काळजी वाटते?’ एवढे विचारावे आणि ऐकावे. त्याने विचारले तर खोटे बोलू नये. अनेकांना काही सांगायचे असते. कोणाची क्षमा मागायची असते, कोणाला क्षमा करायची असते, बँकेचे कागद दाखवायचे असतात, कुठल्या कपड्यांत पुरावे ते सांगायचे असते. ‘असे बोलू नका, तुम्ही बरे होणार’ म्हणून आपण त्यांचे तोंड बंद करतो. तसे करू नये. मुलांनाही मामाकडे धाडून देऊ नये. त्यांच्या वयाला समजेल असे सांगावे आणि आजोबांचा निरोप घेऊ द्यावा.

८. फादरांना कधी बोलवावे?

‘फादर आले म्हणजे संपले’ ही समजूत अजून आपल्यात आहे. पूर्वी या साक्रामेंताला ‘अंतिम अभ्यंग’ म्हणत, तेव्हाची ती भीती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच ‘रुग्णाभ्यंग’ हे नाव अधिक योग्य ठरवले, आणि १९७२ साली पोप पॉल सहावे यांनी नवा विधी दिला. हा साक्रामेंत गंभीर आजाराच्या सुरुवातीलाच घेता येतो, आजार वाढल्यास पुन्हा घेता येतो. म्हणून रुग्ण शुद्धीवर असताना, पापनिवेदन करू शकत असताना, ‘आमेन’ म्हणू शकत असताना फादरांना बोलवावे.

मरणाऱ्या ख्रिस्ती माणसाचा शेवटचा साक्रामेंत म्हणजे ख्रिस्तशरीर, प्रवासाची शिदोरी. गिळणे कठीण असेल तर अगदी लहान कण चमचाभर पाण्याबरोबर देता येतो. हे आधी सांगून ठेवावे. मृत्यूनंतर अभ्यंग दिला जात नाही. त्या वेळी मृतासाठी प्रार्थना केली जाते. म्हणून उशीर करू नये.

९. सांभाळणाऱ्याला कोण सांभाळणार?

बहुतेक घरांत एकच व्यक्ती, बहुधा सून, पत्नी किंवा मुलगी, रात्रंदिवस जागते. तिची झोप, तिचे जेवण, तिची मिस्सा सगळे सुटते. भेटायला येणारे मात्र तिच्याकडूनच चहा घेऊन जातात. येथे आपल्या समूहांना मोठे काम आहे. आठवड्यातून दोन रात्री कोणी जागायला येईल का? एक वेळचे कालवण कोणी पोहोचवील का? मुलांना शाळेतून कोणी आणील का? परळला औषधे आणायला कोणी लोकलने जाईल का? भेट दहा मिनिटांची असावी, सल्ले नसावेत. ‘अमक्याला तमक्या झाडपाल्याने गुण आला’ हे तर नकोच.

घरी मृत्यू झाला तर घाई करू नये. थोडा वेळ जवळ बसावे, प्रार्थना म्हणावी. मग उपचार करणाऱ्या डॉक्टरांना बोलवून मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्यावा. दफनविधीसाठी व नोंदणीसाठी तो लागतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. रात्री-अपरात्री घरी येऊन दाखला देणारे डॉक्टर कोण, हे आधीच विचारून ठेवावे. आणि महिनाभराने, सर्व पाहुणे गेल्यावर, त्या घरी पुन्हा एकदा जावे. तेव्हा ते घर खरे रिकामे झालेले असते.

समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या समूहात सध्या अंथरुणाला खिळलेले कोण आहेत? त्यांना रात्री कोण सांभाळते?

२. ‘माणूस जेवत नाही’ म्हणून आपण घरच्यांना कधी बोल लावतो का? त्याऐवजी काय म्हणता येईल?

३. वेदना सोसणे आणि वेदना सोसायला लावणे, यांत काय फरक आहे?

४. आपल्या अखेरच्या दिवसांत आपल्याला काय हवे व काय नको, हे आपण घरातील कोणाला सांगितले आहे का?

या आठवड्याच्या बैठकीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून काढावे, आणि ज्या घरी रुग्ण आहे त्या घरासाठी पुढील पंधरा दिवसांची पाळी तेथेच ठरवून उठावे. ज्या कुटुंबांना मदत हवी आहे त्यांनी संकोच न करता समूहप्रमुखांना किंवा फादरांना कळवावे. संत योसेफ हा चांगल्या मरणाचा आश्रयदाता मानला जातो, कारण परंपरेप्रमाणे येशू आणि मरिया त्याच्या उशाशी होते. आपल्या धर्मग्रामातील कोणाच्याही उशाची जागा रिकामी राहू नये, एवढी काळजी आपण सर्व मिळून घेऊ या.